'अर्धा कोयता' इंग्रजीत कसा लिहायचा? मराठी मालिका आंतरराष्ट्रीय एमीला पाठवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जाणाऱ्या एका टोळीवर तुम्ही चार भागांची मराठी मालिका केलीत. ती एका ओटीटीवर आली, लोकांना आवडली, आणि आता युनिटमधलंच कुणी म्हणतंय की ही आंतरराष्ट्रीय एमीला पाठवू या. तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: तिथे ओळख लागते का, मराठी कुणाला कळणार, आणि एवढा पैसा-वेळ घालवावा का.

मी २२ वर्षं मुंबईत सबटायटल्स लिहिते आणि परदेशी स्पर्धांच्या प्रवेशिका तयार करून देते. तुम्ही पाठवलेले चारही भाग पूर्ण पाहिले, एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून. माझं उत्तर आहे: पाठवा. पण आत्ता आहेत ती सबटायटल्स लावून पाठवू नका. ती मालिकेवर अन्याय करतात. का ते पुढे सविस्तर सांगते, कारण खरं काम तिथेच आहे.

आधी नावातला घोळ निस्तरू. 'एमी' हे एकच बक्षीस नाही. अमेरिकेत तीन वेगवेगळ्या संस्था ही पंखवाली मूर्ती देतात. लॉस एंजेलिसची टेलिव्हिजन अकॅडमी प्राइमटाइम एमी देते. न्यूयॉर्कची राष्ट्रीय अकॅडमी दिवसाच्या कार्यक्रमांचे, बातम्यांचे, खेळांचे पुरस्कार पाहते. तिसरी इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ टेलिव्हिजन आर्ट्स अँड सायन्सेस. ती १९६९ साली स्थापन झाली, तिचं घरही न्यूयॉर्कच, आणि ती अमेरिकेबाहेर तयार झालेल्या कार्यक्रमांना गौरवते. तिचा सोहळा दर नोव्हेंबरात न्यूयॉर्कला होतो. कोरियाच्या 'स्क्विड गेम'ला २०२२ मध्ये एमी मिळाले म्हणून अनेक जण मला त्याचा दाखला देतात, पण ते प्राइमटाइम एमी होते. तुमचा रस्ता तो नाही. 'दिल्ली क्राइम' ज्या वाटेने गेली, ती तुमची वाट.

ती वाट अशी. कार्यक्रम कोणत्या वर्षी पहिल्यांदा दाखवला गेला त्यावर पात्रता ठरते, म्हणून तुमच्या पहिल्या प्रसारणाची तारीख ओटीटीकडून लेखी घेऊन ठेवा. परीक्षण टप्प्याटप्प्याने होतं: प्राथमिक, उपांत्य, अंतिम. प्रत्येक विभागात साधारण चार नामांकनं उरतात, ती सप्टेंबरच्या सुमारास जाहीर होतात आणि निकाल थेट सोहळ्यात कळतो. परीक्षक निरनिराळ्या देशांतले असतात आणि बहुतेक जण या धंद्यातलेच, म्हणजे निर्माते, लेखक, वाहिन्यांवर कार्यक्रम निवडणारे लोक. नियमपुस्तक दर वर्षी नव्याने वाचायचं. कुठल्या विभागात किती भाग द्यायचे, किती मिनिटांचे, हे विभागागणिक वेगळं असतं. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून प्रवेशिका भरणाऱ्यांची धावपळ मी पाहिली आहे.

आता ओळखीचं. तुम्ही हा प्रश्न दबकत विचारलात, पण तो रास्त आहे. गेल्या काही वर्षांतली भारतीय नामांकनं पाहिली की एक गोष्ट नजरेत भरते. 'सेक्रेड गेम्स', 'लस्ट स्टोरीज', 'दिल्ली क्राइम', 'सीरियस मेन', 'अमर सिंग चमकीला' हे सगळे नेटफ्लिक्सचे. 'मेड इन हेवन' आणि 'फोर मोअर शॉट्स प्लीज!' ॲमेझॉन प्राइमचे. 'आर्या' आणि 'द नाइट मॅनेजर' हॉटस्टारचे, 'रॉकेट बॉइज' सोनी लिव्हचा. सगळी मोठी नावं. हे ओळखीमुळे होतं असं मला वाटत नाही. मोठ्या प्लॅटफॉर्मकडे प्रवेशिका भरणं हेच ज्यांचं काम असे पगारी लोक असतात. कार्यक्रम एकाच वेळी अनेक देशांत जायचा असल्याने इंग्रजी सबटायटल्स पहिल्या दिवसापासून नीट झालेली असतात. तारखा चुकत नाहीत, शुल्काची चिंता नसते. आपल्याकडे मराठी निर्मात्याचं बजेट शेवटच्या दिवसाच्या शूटिंगलाच संपतं आणि सबटायटल्स कुणाच्या तरी भाचीकडून दोन रात्रींत करून घेतली जातात. दरी आहे ती इथे. हिचा मला मनापासून त्रास होतो, कारण ही दरी बुजवता येण्यासारखी आहे आणि आपण ती बुजवत नाही.

भाषेची भीती मात्र सोडा. २०१९ साली अभिनेत्रींच्या विभागात 'लस्ट स्टोरीज'साठी आपल्या राधिका आपटेला नामांकन होतं. पुरस्कार मिळाला हंगेरीच्या मारिना गेराला. त्याच वर्षी अभिनेता ठरला तुर्कस्तानचा हालुक बिल्गिनेर. २०२३ मध्ये शेफाली शाहसमोर जिंकली मेक्सिकोची कार्ला सूझा, २०२४ मध्ये थायलंडची एक अभिनेत्री, आणि २०२५ मध्ये दिलजित दोसांझच्या विभागात स्पेनचा ओरिओल प्ला. म्हणजे इंग्रजी नसलेल्या भूमिका तिथे नियमाने जिंकतात. हंगेरियन भाषा बोलणारे मराठी बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी आहेत. आणि मराठी त्या परीक्षकांच्या कानांवर अगदीच पडली नाही असंही नाही: २०१९ ला नाट्यमालिका विभागात नामांकन मिळालेल्या 'सेक्रेड गेम्स'मध्ये हिंदीच्या जोडीला मराठी भरपूर आहे, जितेंद्र जोशींचा काटेकर तर घरी तीच बोलतो.

'दिल्ली क्राइम' २०२० साली सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय मालिका. कोविडचं वर्ष होतं, त्यामुळे २३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या प्रेक्षागृहात निवेदक रिचर्ड काइंड रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे होते. मी ते थेट पाहिलं आणि नाव पुकारलं तेव्हा घरात एकटीच ओरडले. रिची मेहतांनी सात भागांत एका तपासाची गोष्ट सांगितली होती, २०१२ च्या दिल्लीतल्या त्या अत्याचाराच्या तपासाची. ती पुन्हा पाहा, आणि यावेळी फक्त एका गोष्टीकडे लक्ष द्या: परक्या प्रेक्षकाला समजावं म्हणून कुणी पात्र थांबून काही समजावून सांगत नाही. पोलिसांची उतरंड, साहेबांसमोर उभं राहण्याची पद्धत, साधनांची चणचण, हे सगळं कामाच्या ओघात येतं. पोलिसांतलं कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली हे दिल्लीत पाय न ठेवलेल्या माणसालाही थोड्याच वेळात कळतं.

तुमच्या मालिकेतही हे बळ आहे. पहाटेच्या अंधारात फडात उतरणारी माणसं, खोपीतली चूल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोळ्या चढवणारी बाई. चित्र सगळं सांगतंय. आणि नेमकं तिथेच खालची इंग्रजी ओळ ते पुसून टाकते.

पहिल्या भागात मुकादम म्हणतो, "दोन कोयते कमी पडलेत." तुमच्या सबटायटलमध्ये दोन विळे कमी आहेत असं झालंय. मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको की इथे कोयता म्हणजे हत्यार नव्हे, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी जोडीवर, उचल जोडीवर, हिशेब जोडीवर. ती ओळ वाचणाऱ्या परदेशी परीक्षकाला वाटेल की अवजारं आणायची राहिली. पुढे तिसऱ्या भागात तुमच्या नायिकेचा, सखूचा, नवरा गेल्यावर मुकादम वहीत बघून तिला 'अर्धा कोयता' म्हणतो. तुमच्या मालिकेतलं सगळ्यात जीवघेणं वाक्य आहे ते. सबटायटलमध्ये आलंय 'तुटका विळा'.

दुसरा शब्द 'उचल'. तुम्ही सगळीकडे कर्ज असं लिहिलंत. कर्ज म्हटलं की परीक्षकाच्या डोळ्यांसमोर बँक येते, व्याज येतं. उचल म्हणजे अजून न केलेल्या कामाचे घेतलेले पैसे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडण्याआधीच हंगामाची मजुरी खर्चून झालेली असते, हे त्या शब्दात आहे. म्हणून "उचल फिटली न्हाई" याचं इंग्रजी करताना 'आम्ही अजून गेल्या साली घेतलेली मजुरी फेडतोय' या अर्थाची ओळ द्या. ओळ थोडी लांब होते, पण तिथे तुमच्या नटाने मोठा श्वास घेतलाय, जागा आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जिव्हाळ्याची. सखू नवऱ्याला तीन भाग 'अहो' म्हणते. इंग्रजीत 'अहो'ला प्रतिशब्द नाही म्हणून तुमच्या सबटायटलकाराने तिथे नवऱ्याचं नाव घातलंय. ही फार सर्रास होणारी चूक आहे, मीही सुरुवातीला केली आहे. त्यामुळे झालं काय, की तो मरून पडल्यावर ती पहिल्यांदा त्याचं नाव घेऊन हाक मारते, तेव्हा मराठी प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो आणि इंग्रजी वाचणाऱ्याला काहीच वाटत नाही. त्याने ते नाव तिच्या तोंडी वीस वेळा वाचलेलं असतं. उपाय सोपा आहे. आधीच्या प्रत्येक 'अहो'च्या ठिकाणी नाव काढून टाका. कुठे नुसतं 'ऐका', कुठे काहीच नको, कारण तिचा चेहरा त्याच्याकडे वळलेला दिसतोच आहे. मग शेवटच्या हाकेला ते नाव पडद्यावर एकटं येऊ द्या. ज्याला 'अहो' माहीत नाही त्यालाही कळेल की या बाईने हे नाव आजवर उच्चारलं नव्हतं.

'तू' आणि 'तुम्ही'चंही तसंच. मुकादम सखूला आधी "तुमी बसा वैनी" म्हणतो आणि नवरा गेल्यावर "ऊठ गं". इंग्रजीत दोन्हीकडे एकच सर्वनाम. पण आधीच्या ओळीत वहिनी हे नातं ठेवा, वाक्य पूर्ण ठेवा. नंतरची ओळ एका शब्दाची करा. आदर गेला हे त्या आखडलेल्या ओळीतून पोचतं.

आणि सगळं भाषांतरित करायचा हट्ट सोडा. फडातली मागची ओरडाआरड, बैलांना घातलेल्या हाका, रेडिओवरची बातमी, हे सगळं तुम्ही खाली लिहिलंय. परीक्षक वाचत राहतो आणि सखूच्या हातावरची जखम बघायची राहते. माणूस आरामात वाचू शकतो ते सेकंदाला साधारण १७ अक्षरं. एका ओळीत ४२ च्या वर अक्षरं नकोत, दोनच्या वर ओळी नकोत, आणि कुठलीही सबटायटल सात सेकंदांहून जास्त वेळ पडद्यावर नको. या मर्यादेत बसत नसेल तर वाक्याचा गाभा ठेवून बाकीचं सोडायला शिकायचं असतं.

तांत्रिक बाजूचा माझा एक जुना घाव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वारीवरच्या एका माहितीपटाची सबटायटल्स केली होती, तीन आठवडे बसून, प्रत्येक अभंगाच्या ओळीवर भांडून. मी ज्या फाइलवर वेळा लावल्या ती सेकंदाला २५ फ्रेमची होती. अखेरचा मास्टर, म्हणजे पाठवायची प्रत, एका स्टुडिओतून २४ फ्रेमचा निघाला, आणि पाठवण्याआधी कुणीही तो शेवटपर्यंत चालवून पाहिला नाही. मीही नाही. अशा गफलतीत फरक मिनिटागणिक साठत जातो आणि ४५ मिनिटांच्या कार्यक्रमाच्या अखेरीस तो पावणेदोन मिनिटांच्या पुढे जातो. शेवटच्या प्रसंगात एक म्हातारी माउली कळसाकडे बघून हात जोडते, आणि तिच्या चेहऱ्याखाली वाक्य उमटलं ते दुसऱ्याच कुणाचं. पहिल्या फेरीतच बाहेर पडलो. त्या बाईंचं बोलणं जगापुढे जायचं राहून गेलं, याची खंत मला अजून आहे. तेव्हापासून माझ्या हातून जाणारी प्रत्येक फाइल मी पहिल्या फ्रेमपासून श्रेयनामावलीपर्यंत चालवून बघते, शेवटची दहा मिनिटं दोनदा. नियमांना चालत असेल तर सबटायटल्स चित्रातच भाजून, म्हणजे कायमची उमटवून, द्या, म्हणजे परीक्षकाच्या लॅपटॉपवर ती हलण्याचा प्रश्न उरत नाही.

विभागाबद्दल तुम्ही गोंधळलेल्या दिसता. चार भागांत संपणारी तुमची गोष्ट टीव्ही चित्रपट व लघुमालिका या विभागात बसते, नाट्यमालिकेत नव्हे. २०१९ ला 'लस्ट स्टोरीज' आणि २०२५ ला 'अमर सिंग चमकीला' याच विभागात होते. कलाकारांसाठी वेगळी प्रवेशिका असते, आणि परवडत असेल तर सखूच्या भूमिकेसाठी ती जरूर भरा. तिच्या अभिनयाला भाषेची गरज सर्वांत कमी आहे.

रोजच्या मालिका करणारे मित्रही मला विचारतात म्हणून टेलिनोव्हेलाबद्दल सांगते. २००८ पासून हा स्वतंत्र विभाग आहे. टेलिनोव्हेला म्हणजे रोज दाखवली जाणारी, पण ठरलेल्या शेवटाकडे जाणारी कथा. तुर्कस्तानची 'कारा सेवदा' २०१७ मध्ये इथेच जिंकली. पण मला कायम आठवते ती २००९ ची विजेती, ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीची 'कामिन्यू दास इंदियास', म्हणजे भारताची वाट. ग्लोरिया पेरेस यांनी लिहिलेली ही मालिका राजस्थानातल्या एका व्यापारी कुटुंबाची मुलगी आणि एक दलित तरुण यांच्या प्रेमाभोवती होती. सगळे नट ब्राझीलचे, बोलणं पोर्तुगीज, आणि मध्येच 'अरे बाबा'! तो उद्गार तिकडे घराघरांत म्हटला जाऊ लागला. तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. जातीच्या भिंतीची गोष्ट, आपल्या मातीतली, न्यूयॉर्कला जाऊन पुरस्कार घेऊन आली, पण ती सांगितली रिओमधल्या लोकांनी. त्यांनी त्यांच्या परीने जीव ओतून सांगितली, त्यांना दोष नाही. पण कोयत्याची गोष्ट बीडच्या तोंडून जावी असं मला वाटतं, ते यासाठी.

अर्जाबरोबरच्या सारांशाबद्दल दोनच वाक्यं. तुम्ही 'ग्रामीण महाराष्ट्राच्या संस्कृतीचं दर्शन' असं लिहिलंय, ते काढा. कोणाला काय हवंय आणि ते का मिळत नाही, एवढं लिहा: नवरा गेल्यावर एक बाई उरलेला हंगाम एकटीने तोडायचा ठरवते, कारण दोघांची उचल तिच्या एकटीच्या अंगावर आली आहे.

इथे जमलं नाही तर इतर दारंही आहेत. इटलीच्या सरकारी प्रसारणसंस्थेचा प्री इतालिया १९४८ पासून चालू आहे, कॅनडात बान्फचे पुरस्कार आहेत, सोलमध्ये २००६ पासून ड्रामा अवॉर्ड्स आहेत, सिंगापूरचे आशियाई टेलिव्हिजन पुरस्कार आहेत. मुलांसाठी काही केलंत तर म्युनिकचा प्री ज्युनेस पाहा. सगळीकडे एकदम पाठवू नका. प्रत्येक ठिकाणचं शुल्क आणि फाइलची मागणी वेगळी असते आणि माणसं थकतात.

खर्चाचं म्हणाल तर असलेल्या पैशांतला मोठा वाटा सबटायटल्सना द्या. ती अशा दोन माणसांकडून करून घ्या ज्यांतल्या एकाला तुमच्या भागाची बोली येते आणि दुसऱ्याला इंग्रजीचा कान आहे, आणि त्यांना एकत्र बसवा. झालं की मराठीचा गंध नसलेल्या कुणाला तरी दाखवा, तामिळ शेजारीण असेल, बंगाली मैत्रीण असेल. त्यांना समजलं का असं विचारू नका, लोक भिडेपोटी हो म्हणतात. सखू मुकादमाचं काय देणं लागते, एवढंच विचारा. नीट सांगता आलं तर सबटायटल्स चालतील.

राहिला 'अर्धा कोयता'. त्याला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, कोयता हाच शब्द ठेवा आणि तो आधी शिकवा. तुमच्या पहिल्या भागात ती सोय आयतीच आहे. गाव सोडताना मुकादम ट्रॉलीपाशी उभा राहून मोजतो, "एक कोयता, दोन कोयते, तीन", आणि प्रत्येक आकड्याला एक जोडपं वर चढतं. तिथे खाली कोयता हाच शब्द येऊ द्या, आकड्यासकट, आणि प्रत्येक ओळ बरोबर त्या जोडप्याचे पाय ट्रॉलीवर टेकतील त्या फ्रेमला उमटू द्या. पाचव्या जोडप्यापर्यंत कुठल्याही देशातल्या माणसाला कोयता म्हणजे काय ते कळलेलं असेल. मग तिसऱ्या भागात, वही उघडी असताना, मुकादमाच्या त्या दोन शब्दांखाली दोनच शब्द लिहा आणि सखू मान वर करेपर्यंत ते पडद्यावर राहू द्या.